स्पोर्ट्स न्यूजची साइट कशी तपासायची

कुठलीही स्पोर्ट्स न्यूजची साइट चांगली का वाईट हे ठरवायचं असेल तर ती मोठ्या स्क्रीनवर बघू नका, मोबाईलवर बघा, आणि घरच्या वायफायवर पण नको. मी सांगली-सातारा एसटीत बघतो. पेठ नाक्याच्या पुढं रेंज वरखाली होते, एका हातानं दांडा धरलेला असतो, मोकळा असतो तो फक्त अंगठा. खरा वाचक असाच असतो ओ, आणि त्याला आत्ताच्या आत्ता स्कोर पाहिजे असतो.

२ नोव्हेंबर २०२५ ला महिला वर्ल्ड कपची फायनल होती, आपली माधवनगरची स्मृती मानधना टीममध्ये, आणि मी नेमका रात्रीच्या गाडीत. दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ड, तिचं शतक झालेलं, ती आऊट झाली का एवढंच बघायचं होतं. पेज उघडलं, स्कोर दिसला, पण तो किती वाजताचा ते कुठंच लिहिलेलं नाही, खाली सरकायला गेलो तेवढ्यात वरनं जाहिरात लोड झाली, सगळं पेज खाली ढकललं गेलं आणि अंगठा पडला जाहिरातीवर. परत आलो तर पेज पहिल्यापासनं लोड. शेवटी शेजारच्यानं सांगितलं, गेली म्हणून.

त्यामुळं मी आता सगळ्यात आधी हेच बघतो. लाईव्ह मॅच चालू असताना शेजारी टीव्ही लावा आणि विकेट पडल्यावर साइटवर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. स्कोरशेजारी अपडेटची वेळ पाहिजे, फक्त आकडा बदलला पाहिजे, अख्खं पेज रिफ्रेश होऊन आपण परत वर फेकले जायला नको. मग मधेच मोबाईल डेटा बंद करा. चांगली साइट सांगते की कनेक्शन गेलंय, हा स्कोर जुना आहे. वाईट साइट जुनाच स्कोर ताजा म्हणून दाखवत बसते, आणि स्पोर्ट्सच्या साइटला मला यापेक्षा मोठी चूक माहीत नाही.

पेज उड्या मारण्याचं कारण सोपं आहे, फोटो आणि जाहिरातीसाठी आधीच जागा राखून ठेवलेली नसते. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, त्यात लिंक टाका, पण होमपेजची नको, मॅचच्या पेजची टाका, आणि मोबाईलचा रिपोर्ट बघा. मुख्य मजकूर २.५ सेकंदाच्या आत दिसायला पाहिजे, टॅप केल्यावर २०० मिलिसेकंदाच्या आत काहीतरी हललं पाहिजे, आणि उड्यांचा आकडा, ज्याला सीएलएस म्हणतात, तो ०.१ च्या वर जायला नको.

मराठी साइट असेल तर हेडलाईनमधले रफार आणि वेलांट्या बघा. 'कर्णधार', 'सर्वोत्तम' असले शब्द दोन ओळीत आले की ओळींमधलं अंतर कमी असल्यामुळं वरचा रफार कापला जातो, इंग्रजीसाठी केलेलं डिझाईन तसंच उचललं की हमखास होतं हे. स्कोरकार्ड आडवं सरकवून बघा, बॅटरच्या नावाचा कॉलम जागेवर थांबला पाहिजे, नाहीतर ४५ रन कुणाच्या तेच कळत नाही.

सर्चमध्ये 'स्मृती' टाका, मग ऱ्हस्व 'स्मृति' टाका, मग इंग्रजी अक्षरात टाका. तिन्ही वेळा तीच बातमी यायला पाहिजे. मग आपल्या भागातली नावं टाका. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर, २०२२ ची बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ, ५५ किलो गटात सिल्व्हर, स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ मिळून २४८ किलो. हे आकडे नीट मांडलेत का बघा, का क्रिकेटच्याच साच्यात कोंबलेत. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, तिचं पेज सापडतंय का? आणि कुस्ती मेनूत कुठं आहे? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, ते कुस्तीतच की, आणि मराठी साइटवर कुस्ती 'इतर खेळ' मध्ये टाकलेली दिसली की मी सरळ मार्क कापतो.

पोल, क्विझ याला मी जास्त वेळ देत नाही. नोटिफिकेशन मात्र बघा, आल्या आल्या परवानगी मागतात का, आणि फक्त कुस्ती किंवा फक्त आपली टीम निवडता येते का.

शेवटी फोन दुसऱ्याच्या हातात द्या. मी विट्याच्या आत्याला दिला, म्हटलं कालच्या कुस्तीत कोण जिंकलं ते शोध, आणि गप्प बसलो, मधे काही सांगायचं नाही, नुसता अंगठा कुठं जातोय ते बघायचं. तिनं हेडलाईन वाचलीच नाही, पैलवानाच्या फोटोवर दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. तिसऱ्यांदा जोरात दाबलं आणि 'अडकलाय बघ तुझा फोन' म्हणून माझ्या हातात दिला. मी वहीत लिहून घेतलं, फोटोला लिंक नाही.