आधी ठरवा, फाईल जायची कुठं
सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपली की आमच्या घरी दरवर्षी तेच. सातही नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्यांची) मिरवणूक, संमती कट्ट्यावरच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता, सगळं मी फोनवर टिपते आणि मग पुण्याहून दादा, जुळे सोलापुरातून आत्या, शेजारच्या वहिनी, सगळ्यांचं एकच: "पाठव की गं!" यंदा भरलं ३२ जीबी.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकलं तर चित्राचा लगदा होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ दर्जा राहतो, पण एका फाईलला २ जीबीची मर्यादा. गूगल ड्राइव्हवर फुकट मिळतात १५ जीबी, त्यातले निम्मे जुन्या फोटोंनी आधीच खाल्लेले. शिवाय ३० एमबीपीएसच्या अपलोडला ३२ जीबी चढवायला जवळपास अडीच तास लागतात, तेही लाईट न जाता. दादासाठी मी पेनड्राइव्ह सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणाऱ्या काकांच्या खिशात घातला. हसा खुशाल, दुपारच्या जेवणाआधी त्याच्या हातात होता.

पेनड्राइव्हची एक गोम आहे. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल घेतच नाही, जागा कितीही रिकामी असू दे. एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. आतलं सगळं पुसलं जातं, तेवढं आधी उतरवा.

वहिनींसाठी लोकलसेंड, फोनवरून फोनवर थेट फायली पाठवणारं ॲप. दोन्ही फोन एकाच वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर हवेत, इंटरनेट लागत नाही.

रोज टीव्हीवर बघायचं असेल तरच सर्व्हरच्या, म्हणजे घरात कायम चालू राहून व्हिडिओ पुरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, भानगडीत पडा. त्यासाठी नवीन मशीन घेऊ नका. माझा सर्व्हर म्हणजे आप्पांच्या कारखान्यातला जुना लॅपटॉप, कीबोर्डची चार बटणं गेलेला. बॅटरी अजून अर्धा तास तग धरते, म्हणजे यूपीएस फुकटात. (राउटरला मात्र छोटा यूपीएस घ्यावा लागला.) झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये, हे पॉवर सेटिंगमध्ये सांगून ठेवा. राउटरमधून त्याला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) कायमचा बांधून द्या. मग जेलीफिन टाका, म्हणजे लॅपटॉपवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे. माझ्या टीव्हीच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२०, पुढे कोलन, ८०९६ एवढं टाकलं की जत्रा हजर. राउटर ते लॅपटॉप वायरच ओढा. फोनचं फोर-के शूटिंग सेकंदाला चाळीस-पन्नास मेगाबिट खातं, आणि दोन भिंतींपलीकडचं २.४ गिगाहर्ट्झ वायफाय तिथं धापा टाकतं.

माझी फजिती झाली मे महिन्यात. लॅपटॉप माळ्यावर ठेवला होता, वर पत्रा, बाहेर ४२ अंश. आईनं व्हिडिओ लावला की दहा मिनिटांत सगळं बंद. हार्ड डिस्क गेली असं मी धरून चालले. जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडला तर तिथं 'ट्रान्सकोडिंग'. फोन एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट करतो, आमच्या जुन्या टीव्हीला ते कळत नाही, म्हणून लॅपटॉप बसल्या बसल्या सगळा व्हिडिओ नव्यानं तयार करत होता आणि तापून मरत होता. मी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्या फायली एकदाच एच.२६४ या जुन्या टीव्हीलाही कळणाऱ्या फॉरमॅटमध्ये करून ठेवल्या, रात्रभर. आता लॅपटॉप नुसती फाईल पुढे सरकवतो, पंखा फिरल्याचं कळतही नाही. फोनच्या कॅमेऱ्यातही 'जास्त चालणारा फॉरमॅट' निवडलाय. लॅपटॉप माळ्यावरून खाली, देवघराच्या कपाटामागे आला.

दादाला पुण्यातून बघायचं होतं. त्यासाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून सर्व्हर रस्त्यावर मांडू नका. दोन्हीकडे टेलस्केल टाकलं, आपलीच उपकरणं खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप, काम झालं.

आणि हो, सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे, ती आईच्या कपाटात, इरकलीच्या घडीखाली. दर महिन्याला काढायची तर आधी आईकडून किल्ली मागावी लागते.