पंचगंगा घाटावरची तरंगती रांग: दोराला झोळ हवाच

घाटावर पोहणारा धारेला लागला, तर हात टाकायला काहीतरी हवं. त्यासाठी घाटाच्या खालच्या अंगाला तरंगती रांग बांधतात. ती सरळ आडवी टाकू नका, माणूस मधोमध अडकून राहतो. धारेशी ४५ अंशांत तिरकी ठेवा: वरचं टोक पात्रात, खालचं काठाला. मग पाणीच त्याला काठाकडे सरकवतं.

४० मीटर अंतरासाठी २०० मिलिमीटर व्यासाच्या एचडीपीई (जाड, टणक प्लास्टिक) पाइपचे २ मीटरचे १८ केशरी तुकडे घ्या. प्रत्येकाच्या मधोमध बारीक नळी ठेवून भोवती फोम भरा, म्हणजे चीर पडली तरी तुकडा बुडणार नाही. मधल्या नळीतून पॉलिप्रॉपिलीनचा (तरंगणाऱ्या प्लास्टिकचा) दोर ओवा; नायलॉन पाण्यात बुडतो आणि ताणतोही. दोन तुकड्यांत २० सेंटीमीटर फट ठेवा आणि दोन्ही बाजूंना धरायला दोराचे फास लावा. टोकांना गाठ मारू नका, तिथे दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. थिंबल (दोराच्या फासात बसणारी धातूची खोबण) घालून दोराचे पीळ त्याच्यातच गुंफा, शॅकलची (जोडणीच्या लोखंडी कडीची) पिन तारेने बांधा. रांगेखाली जाळी अजिबात नको. तीत पाय अडकला तर माणूस पाण्याखालीच राहतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते ताणण्यात. रांग २० सेंटीमीटर बुडालेली आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर तिरक्या रांगेवर एकूण सुमारे २४० किलोचा दाब येतो. मध्ये ४ मीटर झोळ असेल तर टोकाला साधारण ३२० किलोची ओढ बसते. झोळ २ मीटरच ठेवला तर तीच ६०० च्या वर जाते. एवढ्या फरकाला दोर जेमतेम पाऊण मीटर जास्त लागतो; ४ मीटर झोळ धरून ४० मीटर अंतराला एकूण ४१ मीटर. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणून दोर आणि शॅकल हिशेबाच्या किमान पाचपट ताकदीचे घ्या.

पात्रातलं टोक तळाशी धरून ठेवणाऱ्या नांगरालाही तोच हिशेब. २०० लिटरच्या ड्रममध्ये काँक्रीट भरलं तर वजन ४८० किलो, पण पाण्यात ते २८० च भरतं आणि गाळावर त्याच्या निम्मीच ओढ तोलतं. म्हणून चार ड्रम एकत्र बांधा, साखळी खोलीच्या तिप्पट ठेवा. काठाकडचं टोक काँक्रीटमध्ये पुरलेल्या कडीला अडकवा; दीपमाळेला किंवा देवळाच्या खांबाला कधीच नाही.

बसवताना वरचं टोक आधी अडकवा, रांग धारेत सोडा, मग खालचं टोक काठावर ओढा. होडीतल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं.

केंदाळ रोज काढा, ते साचलं की बुडालेली खोली वाढते आणि वरचा सगळा हिशेब मोडतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याच्या ३९ फुटांच्या इशारा पातळीची वाट पाहू नका. पाणी चढू लागताच रांग काढा. काढताना काठाचं टोक आधी सोडा. रांग धारेला समांतर होते, ओढ उतरते आणि अडकलेलं केंदाळही वाहून जातं.