खेळकर मराठी फॉन्ट वापरताय? मग या चुका टाळा

गणपती असो, शाळेचं गॅदरिंग असो नायतर हुरडा पार्टी, आता लातूर-नांदेडपासून पार जिंतूरपर्यंत फ्लेक्सवर मोदक आणि बलू हे फॉन्ट दिसायलेत. दोन्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, धंद्याच्या कामाला वापरले तरी चालतात. फॉन्ट लई गोड आहेत, पण वापरताना त्यांचे हाल होतात म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोदकमधेच सगळं लिहायचं. त्याची अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत की आतली पोकळी म्हणजे नुसती बारीक चीर, आणि त्या चिरेवरच घ कोणता न् ध कोणता हे कळतं. "हुरडा पार्टी" एवढे दोन शब्द मोठ्ठे टाका, मस्त दिसतील, पण खाली मळ्याचा पत्ता, मोबाईल नंबर, थालीपीठ-शेंगाचटणीची यादी पण त्यातच टाकली तर गाडीवरून जाणाऱ्याला काय वाचू येणार? बारीक मजकूर मुक्तासारख्या साध्या फॉन्टमधे घ्या. अजून जाड दिसावं म्हणून काहीजण त्याच रंगाची आउटलाईन मारतात, तेवढं तर करूच नका, सगळ्या चिरा बुजतात. वेगळ्या रंगाची आउटलाईन हवीच असंल तर अक्षराच्या मागे ठेवा.

दुसरं, जागा भरायची म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत चालतं, आपल्याकडं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओढून रुंद पण करू नका, कलमसारख्या हातानं लिहिल्यासारख्या फॉन्टची सगळी लय जाते. साईज वाढवा नायतर शब्द दोन ओळींत घ्या, पण दोन ओळींत घेतल्यावर वरच्या "हु"चा उकार खालच्या "र्टी"च्या रफारात घुसत नाही ना ते बघा.

फोटोशॉपमधे "हिंगोली"ची पहिली वेलांटी ह च्या पुढं जाऊन बसली तर फॉन्टला शिव्या देऊ नका. टाईपच्या सेटिंगमधे वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, इनडिझाईनमधे वर्ल्ड-रेडी कंपोजर. श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरमधला जुना मजकूर पेस्ट केल्यावर इंग्रजी कचरा दिसत असेल तर तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड (आताचे फॉन्ट ज्यावर चालतात ती पद्धत) करून घ्यावा लागतो, दुसरा इलाज नाही.

फॉन्ट पक्का करण्याआधी त्यात बाळ, वाऱ्यावर, ज्ञानेश्वर, राष्ट्र, हृदय एवढे शब्द टाईप करून अक्षरं नीट येतात का ते बघा. काही फॉन्टमधे ल आणि श हिंदी वळणाचे येतात, भाषा मराठी निवडली की आपले येतात.

आणि प्रसंग बघा हो! १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या बॅनरवर हुतात्म्यांची नावं गुबगुबीत अक्षरात बघून जीव तुटतो. १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त करायला ज्यांनी प्राण दिले त्यांची नावं साध्या, ताठ अक्षरातच शोभतात. दुकानाच्या पाटीला पेंटरच्या हातची मजा पाहिजे असंल तर यात्रा वन हा फॉन्ट बघा, मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचलाय.

प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) द्या, कारण त्यांच्याकडं तुमचा फॉन्ट असंलच असं नाही. पण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून आधी दुसऱ्या कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या आणि मूळ फाईल वेगळी सेव्ह करून ठेवा.