लिंबाला फूल नाही? खत टाकायच्या आधी झाडाचं वय बघा

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांचा प्रश्न एकच, झाड हिरवंगार आहे, उंचही झालंय, मग फूल का धरत नाही, आणि त्यावर सगळे सांगतात खत टाका. थांबा जरा. झाड आधी वयात यावं लागतं, आणि ते वय ठरवण्यात मोठा हात असतो मायक्रोआरएनएचा, म्हणजे जेमतेम २१ अक्षरांच्या आरएनएच्या तुकड्यांचा. ते स्वतः प्रोटीन बनवत नाहीत, दुसऱ्या जीनचा निघालेला निरोप गाठून तोडतात नाहीतर अडवतात, बस.

कोवळ्या रोपात मिर-१५६ नावाचा मायक्रोआरएनए भरपूर असतो आणि तो एसपीएल नावाच्या जीन्सना दाबून ठेवतो. रोप वाढेल तसा तो उतरतो, एसपीएल मोकळे होतात, ते मिर-१७२ हा दुसरा मायक्रोआरएनए वाढवतात, आणि हा १७२ फुलाला ब्रेक लावणाऱ्या जीन्सनाच गप्प करतो. मग पानात एफटी नावाचं प्रोटीन तयार होतं, शेंड्याकडे जातं आणि तिथे कळी धरते. हे मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा रोपात उलगडलं, पण निलगिरी, पॉप्लरमध्येही वयाबरोबर १५६ कमी होताना दिसलाय.

आता कामाचं. नर्सरीत पहिला प्रश्न हाच विचारा, रोप बियांचं का कलम? बियांचं कागदी लिंबू पहिली काही वर्षं नुसते लांब काटे आणि पानं देणार, त्याला कितीही खाऊ घाला. गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) किंवा कलम फळत्या झाडाच्या फांदीचं असतं, फांदी आधीच वयात आलेली असते. कोकणातलं आंब्याचं कोय कलम बघा ना, खालचं रोप काही दिवसांचं, पण वरची काडी जुन्या झाडाची, म्हणून ते बियांच्या आंब्याच्या कितीतरी आधी मोहरतं. कलम असेल तर जोडाच्या खालून येणारे फुटवे दिसले की लगेच काढा, ते खालच्या रोपाचे.

दुसरं, पानं ओरबाडू नका. पानात बनणारी साखर १५६ ला खाली आणते हे २०१३ मध्ये अरॅबिडॉप्सिसवर दाखवलं गेलं (पण म्हणून लगेच कुंडीत साखरपाणी ओतू नका, मुंग्या येतील फक्त). म्हणजे ऊन हवं, टॉवरच्या सावलीतल्या बाल्कनीत कुंडी कठड्याशी आणा, पावसाळ्यात तर ऊन मिळतच नाही तेव्हा फुलाची घाई नको. युरिया आवरा, त्याने पानंच माजतात. छाटणी करायचीच तर शेंड्याकडून हलकी, बियांचं झाड बुंध्यापर्यंत कापलं तर तिथून येणारे जोमदार पानसोट, म्हणजे नुसती पानं देणारे सरळसोट फुटवे, पुन्हा बालपणातच असतात आणि तुमची वाट बघणं नव्याने सुरू.

शेवंतीचं प्रकरण मात्र वेगळं. तिला वयाबरोबर लांब, अखंड रात्र लागते, आणि घोडबंदर रोडकडे तोंड असलेल्या बाल्कनीत रस्त्यावरचा एलईडी रात्रभर थेट कुंडीवर पडतो, त्या उजेडात पानं फूल रोखणारं प्रोटीन बनवतात. ऑक्टोबरपासून कळ्या नीट दिसेपर्यंत संध्याकाळी सहाला कुंडी आत अंधाऱ्या खोलीत न्या, सकाळी सातला बाहेर उन्हात, आणि मधे रात्री उठून लाइट लावून बघायला जाऊ नका.