बँकॉकात बिऱ्हाड थाटताना

मुंबईहून निघालेलं विमान चार-साडेचार तासांत सुवर्णभूमी विमानतळावर उतरतं. घड्याळ दीड तास पुढे करायचं, सरकत्या दारातून बाहेर पडायचं, की जूनमधल्या कोकणासारखी दमट हवा अंगाला चिकटलीच. कानावर पडणाऱ्या शब्दांत आपल्या नगराचं ‘नखोन’ झालेलं, भाषेचं ‘फासा’, गुरूचं ‘ख्रू’. विमानतळाचं नावसुद्धा आपलंच, फक्त इथले लोक ते ‘सुवन्नफूम’ म्हणतात. 2008 साली नवऱ्याच्या नोकरीपायी सांगलीहून इथे आले तेव्हा मला वाटलं, यात अवघड ते काय, मावशीच्या गावाला आल्यासारखं तर आहे. पुढच्या दोन वर्षांतले माझे बहुतेक घोटाळे या एका समजुतीतून झाले. परकं दिसतं ते आपण चार जणांना विचारून करतो. ओळखीचं दिसतं तिथे विचारत नाही, आणि तिथेच पाय घसरतो.

आधी कागदपत्रं, कारण बाकी सगळे घोटाळे नंतर हसण्यावारी नेता येतात. 1 मे 2025 पासून येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, टीडीएसी म्हणतात त्याला. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही हे समजा. नोकरीवर येत असाल तर बिझनेस व्हिसा आणि वर्क परमिट कंपनी बघते, बायको-मुलांचा व्हिसा त्यावर अवलंबून. मात्र तारखांवर लक्ष तुम्हीच ठेवायचं. देशात सलग 90 दिवस झाले की ‘मी अजून याच पत्त्यावर आहे’ असं इमिग्रेशनला कळवावं लागतं. मुदतीच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत मुभा असते, ती चुकली की 2000 बाट (इथलं चलन) दंड. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा एकपासून. शिवाय तुम्ही राहायला आल्यापासून 24 तासांत घरमालकाने तुमची नोंद करायची असते, टीएम 30 नावाची. काम मालकाचं, पण ते केलेलं नसलं की खोळंबा तुमचा. करारावर सही करायच्या आधीच ‘टीएम 30 करून देणार ना?’ हे विचारा.

आणि री-एन्ट्री परमिट. हे दोन शब्द फ्रिजवर चिकटवून ठेवा. तुमच्या व्हिसाची मुदत वर्षभर वाढवून मिळालेली असली, तरी हे परमिट न काढता देशाबाहेर पाऊल टाकलंत की ती मुदत तिथेच संपते. एका वेळचं परमिट 1000 बाट, कितीही वेळा जाण्या-येण्याचं 3800 बाट. माझ्या दुसऱ्याच वर्षी सासूबाईंची तब्येत बिघडल्याचा फोन आला आणि मी रातोरात निघाले. पासपोर्टात एका वर्षाचा शिक्का आहे, मग परत यायला अडचण कसली, असा माझा हिशेब. तीन आठवड्यांनी परत आले तर खिडकीतल्या बाईने तो शिक्का पाहिला, शांतपणे मान हलवली आणि मला पर्यटकांच्या रांगेत पाठवलं. पंधरा दिवसांची मुदत घेऊन मी स्वतःच्या घरी पाहुणी म्हणून आले. सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून. घाईत निघावं लागलं तर हे परमिट सुवर्णभूमीवर निघतानाही काढता येतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगत असते.

एक गोष्ट तरुण मुलांसाठी, आणि ही थट्टेवारी नेण्यातली नाही. पर्यटक म्हणून आत येऊन नोकरी करता येत नाही. ‘थायलंडला आयटीची किंवा डेटा एन्ट्रीची नोकरी, व्हिसा तिथे गेल्यावर करू, तिकीट आम्ही काढतो’ असा निरोप मोबाइलवर आला तर तो तिथेच पुसा. अशा मुलांना बँकॉकहून गाडीत घालून माए सोतच्या सीमेवरून म्यानमारमधल्या म्यावडीला नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. भारत सरकारने 2022 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मार्च 2025 मध्ये तर 500 हून अधिक भारतीयांना माए सोतहून विमानाने परत न्यावं लागलं. कंपनी खरी वाटली तरी येण्याआधी भारतीय दूतावासाला विचारा. तो सुखुमवित रस्त्यावर, 23 व्या सोईत आहे.

सोई म्हणजे गल्ली. सुखुमवितवर एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. आपल्या डोक्यात 55 च्या समोर 54 किंवा 56 असणार. नाही. 55 च्या, म्हणजे थोंगलोच्या समोर 38 आहे. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या आपापल्या मर्जीने वाढल्या, आकडे आपापले. पत्ता घेताना बीटीएसचं, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेचं, जवळचं स्टेशन विचारून घ्या, नाहीतर पहिल्या मुलाखतीला घामाघूम होऊन पोहोचाल. घर पाहताना सोईच्या तोंडापासून इमारतीपर्यंत भर दुपारी एकदा चालून बघा. एजंट ‘पाच मिनिटं’ म्हणतो ती मोटरसायकलची पाच मिनिटं असतात. नारिंगी जाकिटातले मोटरसायकल टॅक्सीवाले, ज्यांना सगळे ‘विन’ म्हणतात, सोईच्या तोंडाशी बसलेले असतात. दर फलकावर लिहिलेले असतात. हेल्मेट मागून घ्या, लाजू नका.

भाड्याचा रिवाज असा: दोन महिन्यांची अनामत आणि एक महिना आगाऊ. विजेचं मात्र खोदून विचारा. कॉन्डोत, म्हणजे जिथे प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा असतो तिथे, बिल बहुतेक वेळा वीजमंडळाचं थेट येतं. अपार्टमेंटमध्ये, म्हणजे सगळी इमारत एकाच मालकाची असते तिथे, मालक स्वतःचा दर लावतो, तो बराच चढा असतो, आणि इथे एसी बारा महिने चालतो. घरात शिरताना भिंतीवरचा डाग, गादीचा फाटका कोपरा, नळाचा गंज, सगळ्याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. अनामत परत मिळवताना तेच उपयोगी पडतात.

करारावर 2569 साल दिसलं तर दचकू नका. इथे बौद्ध सन चालतो, 543 वजा करा, 2026 मिळेल. दुधाच्या पिशवीवरही कधीकधी ‘69’ छापलेलं असतं. मी पहिल्या महिन्यात अशा आकड्याकडे पाहून दुकानातच उभी राहिले होते, हे दूध टिकतं तरी किती म्हणून.

सामानात काय आणायचं? साड्या कमी, कुकर जरूर, पण इंडक्शनवर चालणारा. कॉन्डोत सहसा गॅस नसतो. सपाट बुडाचा तवा, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला, कोकम. डाळी, पोहे, साबुदाणा फाहुरातच्या भारतीय दुकानांत मिळतात, तेव्हा त्यांनी बॅग भरू नका. अळूची पानं, केळफूल, कैऱ्या, शेवगा, ओला नारळ मंडईत भरपूर. हापूस सोडून द्या. इथल्या ‘नाम दोक माइ’ आंब्याशी त्याची तुलना करत बसलात तर दोन्हींची चव जाते. फोडणी करताना खिडकी उघडा आणि छतावरचा धुराचा सेन्सर कुठे आहे ते आधी बघून ठेवा. माझ्या पहिल्या ठेच्याच्या दिवशी मिरच्या भाजल्या आणि पाच मिनिटांत वॉचमन दारात, मागे खोकणारी शेजारीण. त्यांच्या स्वयंपाकातही असाच ठसका उडतो, पण तो खाली हातगाडीवर. वर, बंद खोलीत, तो कोणी सहन करत नाही.

शाकाहाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. शाकाहाराला इथे ‘मांगसविरात’ म्हणतात. नीट ऐका, मांस-विरती. शब्द ऐकून जीव भांड्यात पडतो, पण हॉटेलातल्या मुलीच्या लेखी मासे आणि कोळंबी बऱ्याचदा मांसात मोडत नाहीत. भाजी नुसती पालेभाजीची असली तरी त्यात ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचा रस पडतोच. पपईच्या कोशिंबिरीत, सोम तामात, सुकी कोळंबी कुटलेली असते. ‘माइ साइ नाम प्ला’ म्हणजे माशाचा रस घालू नका, ‘माइ साइ खै’ म्हणजे अंडं नको, ही दोन वाक्यं पाठ करा. त्याहून खात्रीचा शब्द ‘चे’. पिवळ्या झेंड्यावर त्याची लाल अक्षरं दिसली की तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस या ‘चे’ जेवणाचा उत्सव असतो, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईने त्या नऊ दिवसांत बँकॉकमध्ये आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून पोटभर खाल्लं.

भाषेत आपल्याला एक फायदा आहे, तो घ्या. थाईत क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे वेगळे आहेत. ‘कै’ म्हणजे कोंबडी आणि ‘खै’ म्हणजे अंडं. युरोपातल्या लोकांना हा फरक ऐकूच येत नाही, आपल्याला सहज येतो. पण त्यावर पाच सूर आहेत, तिथे आपला गर्व उतरतो. ‘क्लाइ’ सपाट सुरात म्हटलं तर लांब, वरून खाली आणून म्हटलं तर जवळ. टॅक्सीवाल्याला हे विचारायची वेळ आली तर हाताने दाखवा. बाई बोलते तेव्हा प्रत्येक वाक्यामागे ‘खा’ लावते, पुरुष ‘ख्रप’ लावतो, तोही बोलताना ‘खप’ होतो. माझा नवरा थाई शिकला ती ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टकडून, त्यामुळे सहा महिने सगळ्या मीटिंगांत तो गोड आवाजात ‘खा’ म्हणत होता. कोणी टोकलं नाही. इथे कोणी कोणाला चारचौघांत टोकत नाही, आवाजही चढवत नाही. काउंटरवर आपण टेबल वाजवून बोललो की समोरचा माणूस हसतो. ते हसू होकाराचं नसतं. त्यानंतर तुमचं काम होत नाही.

फिरण्याचं थोडक्यात. बीटीएस वरून धावते, एमआरटी ही मेट्रो कुठे जमिनीखालून, कुठे वरून, आणि दोघींची तिकिटं वेगळी. एमआरटीला बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, बीटीएससाठी रॅबिट कार्ड घ्या. टॅक्सीत मीटर पाडायला सांगा, नाही म्हणाला तर उतरा, मागे दुसरी असतेच. आणि सेनसेप कालव्यातली होडी. संध्याकाळी सहाला सगळं शहर तुंबलेलं असताना ती सपासप जाते. कंडक्टर हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या काठावरून दोर धरत चालतो आणि तिकिटं फाडतो. पाणी उडालं की कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घ्यायचा असतो. ते काम आता तुमचं आहे, मोबाइल खिशात ठेवा. कालव्याचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका, एवढंच.

मंडईपासून हातगाडीपर्यंत सगळीकडे क्यूआर दिसेल, पण आपलं यूपीआय त्यावर चालेल असं गृहीत धरू नका. बँकखातं होईपर्यंत रोकड ठेवा. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी 220 बाटच्या आसपास कापतं, तेव्हा थोडे थोडे काढू नका.

राजघराण्याबद्दल गंमत नाही, शेरा नाही, मेसेज पुढे ढकलणं नाही. कलम 112 खाली 3 ते 15 वर्षं तुरुंग आहे आणि परदेशी माणसाला त्यातून सूट नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. ई-सिगारेटवर बंदी आहे. देवळात पाय मूर्तीकडे करून बसू नका, कोणाच्या मुलाच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवू नका. बायकांनी भिक्षूला स्पर्श करायचा नाही, त्याच्या हातात वस्तूही द्यायची नाही.

भारतीयांना इथे ‘खॅक’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. सीलोमच्या मारिअम्मन देवळाचं लोकांच्या तोंडातलं नावही ‘वात खॅक’, पाहुण्यांचं देऊळ. आषाढी पौर्णिमेला, बहुतेक वर्षी आपल्या गुरुपौर्णिमेलाच, इथे सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवसापासून भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका विहारात राहतात. एप्रिलच्या 13 पासूनचं सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांत, मेषाची. त्या तीन दिवसांत बाहेर पडलात तर भिजणारच.

सोबत ठेवायचे आकडे: पोलीस 191, पर्यटक पोलीस 1155, रुग्णवाहिका 1669.

घर लागलं की चतुचकला बुधवारी किंवा गुरुवारी जा, त्या दिवशी तिथे झाडांचा बाजार असतो. तुळस ‘कफ्राव’ या नावाने मागा. तीच तुळस, तोच वास. मी घेतली तेव्हा विक्रेत्या आजीने रोप कागदात गुंडाळलं, माझ्याकडे बघून समजुतीने हसली आणि शेजारचं मिरचीचं रोप पुढे सरकवलं. ‘मू की कै?’ तिने विचारलं. डुकराचं मटण परतणार की कोंबडी.