चौकोनातली चार घरे म्हणजे चार मुले नव्हेत : जीवशास्त्रातील या चुका टाळा

नंदुरबार जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षे जीवशास्त्र शिकवत आहे आणि दरवर्षी त्याच चुका नव्या हस्ताक्षरांत वाचत आहे. त्या अवघड भागात होत नाहीत. ज्या व्याख्या मुले शाळेपासून पाठ म्हणत आली आहेत, नेमक्या तेथेच होतात.

माझ्या मते सर्वांत घातक चूक आनुवंशिकतेच्या प्रकरणात आहे. आई आणि वडील दोघेही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असतील, म्हणजे दोघांकडे एक सामान्य आणि एक सिकलसेलचे जनुक असेल, तर अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे प्रत्येकाला पाठ असते. आई-वडिलांच्या जनुकांच्या चार संभाव्य जोड्या दाखवणारा पनेटचा चौकोनही सुबक काढला जातो. मात्र त्यातली चार घरे म्हणजे चार मुले, असे मनात पक्के बसते. काही वर्षांपूर्वी हा भाग संपवून मी हात झटकत असताना धडगावकडचा एक विद्यार्थी टेबलाजवळ आला आणि म्हणाला, “सर, आम्ही चार भावंडं. मोठ्या दादाला सिकलसेल आहे, म्हणजे चारातला एक झाला. आता आम्ही तिघं सुटलो ना?” फळ्यावरचा चौकोन अजून पुसलेला नव्हता. परीक्षेत या मुलाला पूर्ण गुण मिळाले असते, हे लक्षात आले आणि मी पुन्हा खडू हातात घेतला.

शक्यता प्रत्येक गर्भधारणेला नव्याने लागू होते. आधीच्या अपत्याचे काय झाले याचा पुढच्याशी संबंध नसतो. अशा पालकांच्या चार अपत्यांपैकी नेमके एकच आजारी असण्याची शक्यता हिशेबाने सुमारे ४२ टक्के येते, एकही आजारी नसण्याची सुमारे ३२ टक्के, आणि उरलेल्या सुमारे २६ टक्क्यांत दोन किंवा अधिक अपत्ये आजारी असतात. त्या मुलाला स्वतःला आजार नव्हता. तरीही तो वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश होती, कारण आजाराचे घर वगळले की उरलेल्या तीन घरांपैकी दोन वाहकाची असतात. त्याने तपासणी करून घेणे आवश्यक होते, आणि तीही पूर्ण. प्राथमिक विद्राव्यता चाचणी रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचे हिमोग्लोबिन, आहे एवढेच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीनंतरच ठरते. वाहक म्हणजे ‘अर्धा रुग्ण’ नव्हे आणि वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही, हेही मी तेव्हापासून फळ्यावर लिहून ठेवतो.

त्या दिवसानंतर मी चौकोन आधी काढणे बंद केले. त्याऐवजी सुरुवातीला दोन अर्धे चिंचोके फेकायला देत असे: तपकिरी पाठ म्हणजे सामान्य जनुक, पांढरे पोट म्हणजे सिकलसेलचे, एक चिंचोका आईचा, दुसरा वडिलांचा. एका मुलीने हरकत घेतली की फुगीर आणि सपाट बाजू सारख्याच वेळा वर येणार नाहीत. हरकत रास्त होती, म्हणून आता रुपयाची नाणी देतो. चार-चार फेकींची दहा ‘कुटुंबे’ मांडली की कोठे तीन रुग्ण येतात, कोठे एकही नाही. याला पाऊण तास जातो. ‘सर, थेट सूत्र सांगा’ म्हणणारे प्रत्येक वर्गात असतात. त्यांना मी सूत्र सर्वांत शेवटी देतो.

नेहमीच्या आणखी काही चुका थोडक्यात सांगतो. श्वसन आणि श्वासोच्छ्वास एक नव्हेत. श्वसन पेशीत चालते, म्हणूनच ओली ज्वारी पोत्यात भरून ठेवली तर हात घातल्यावर गरम लागते: दाणे आणि त्यांवरील बुरशी दोन्ही श्वसन करत असतात. वनस्पती रात्रंदिवस श्वसन करतात, केवळ रात्री नव्हे. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. रावेर-यावलच्या केळीवरील हरण्या हा विषाणूजन्य रोग आहे. फवारणीने झाड बरे होत नाही, ते उपटावे लागते आणि मावा आवरावा लागतो, हे ज्यांच्या घरी केळी आहे ती मुलेसुद्धा उत्तरपत्रिकेत विसरतात. शिरांतील रक्त निळे नसते.

दुसरी माझी दुखरी जागा म्हणजे कांद्याचा पापुद्रा. गाइडमधील वनस्पतिपेशीची आकृती डोळ्यांसमोर इतकी ठसलेली असते की सूक्ष्मदर्शकात न पाहताच मुले त्यात हिरवी हरितलवके काढतात. जमिनीखाली वाढलेल्या कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात ती कोठून येणार? घाईचा दुसरा प्रकार म्हणजे थेट ४० पटीचे भिंग लावून मोठा स्क्रू फिरवणे. काचपट्टी तडकल्याचा आवाज मला पाठ फिरवून उभा असतानाही ओळखता येतो. आधी १० पटीच्या भिंगाखाली पेशी शोधाव्यात, नंतर भिंग बदलावे आणि मग फक्त लहान स्क्रूला हात लावावा.

परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचे आत-बाहेर जाणे, दाखवण्यासाठी मी पांढरा पापुद्रा वापरत नाही. लाल कांद्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरचा जांभळा पापुद्रा घ्यावा, कारण त्याच्या पेशींतील रिक्तिकेतच, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीतच, रंग असतो. अर्धा ग्लास पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचा थेंब काचेच्या कडेने सोडावा. काही मिनिटांत जांभळा भाग आकसून पेशीभित्तिकेपासून सुटतो, भित्तिका मात्र जागेवर राहते. ‘मीठ पाणी ओढते’ असे येथे लिहू नये. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर आई असे म्हणते ते ठीक आहे, परंतु उत्तरात निवडक्षम पटल आणि पाण्याचे पटलाच्या दोन्ही बाजूंचे प्रमाण आलेच पाहिजे. बहुतेक जण एवढे पाहून उठतात. बसून राहावे, दुसऱ्या कडेला टिपकागद धरून साधे पाणी सोडावे; रंग हळूहळू पुन्हा भित्तिकेपर्यंत पसरतो, आणि आकृतीचा दुसरा अर्धा भाग तेव्हा काढायचा असतो.