कोडिंग एजंटसाठी रेपोतल्या कमांड कशा वापरायच्या ते लिहून ठेवताय? मग या चुका टाळा

मागच्या महिन्यात एजंटला, म्हणजे स्वतः कमांड चालवून कोड बदलणाऱ्या एआयला, एक साधं काम दिलं होतं, बिलावरच्या तारखेचा फॉरमॅट बदल आणि टेस्ट चालवून दाखव. वीस मिनिटं झाली तरी टर्मिनल जिथल्या तिथे. आत जाऊन बघितलं तर कोड बदलून झालेला, टेस्ट पण सगळ्या पास, पण आमच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या कमांड जिथे लिहिलेल्या असतात ती फाइल) टेस्ट स्क्रिप्टला वॉचऑल लावलेलं, त्यामुळे जेस्ट हे टेस्ट चालवणारं टूल टेस्ट संपवून पुढची फाइल कधी बदलते याची वाट बघत बसलं होतं आणि एजंट जेस्टची वाट बघत बसला होता. आम्ही रोज तिथे कंट्रोल सी दाबतो, हाताला इतकी सवय झालीय की ते कुठे लिहायला पाहिजे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बहुतेक चुका इथूनच येतात. टीममध्ये जे तोंडी चालतं ते एजंटला माहीत नसतं, आणि नवीन पोरगा जसा शेजारच्याला विचारतो तसं तो दरवेळी विचारेलच असंही नाही, समोर दिसेल ती कमांड मारतो. त्यामुळे कमांडच्या पुढे तीन गोष्टी लिहाच: कुठल्या फोल्डरमधून चालवायची, साधारण किती वेळ लागतो, आणि ती स्वतःहून संपते का. आम्ही वॉच नसलेली वेगळी स्क्रिप्ट केली आणि एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहिलं, "टेस्टसाठी हीच वापर, एपीआय फोल्डरमधून, दीड मिनिट लागतं."

हाच प्रकार प्रश्न विचारणाऱ्या कमांडचा. इन्स्टॉलर मध्येच यस की नो विचारतो, गिट रिबेस इंटरॅक्टिव्ह एडिटर उघडतं, गिट लॉग पेजरमध्ये, म्हणजे एकेक पान दाखवून थांबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अडकू शकतं. अशा प्रत्येक ठिकाणी प्रश्न न विचारणारा फ्लॅग कुठला ते लिहून ठेवा, गिटला तर नो-पेजर आहेच.

दुसरी चूक म्हणजे रीडमी जशीच्या तशी कॉपी करणं. रीडमी माणसांसाठी असते, त्यात प्रोजेक्ट काय आहे, स्क्रीनशॉट, लायसन्स, सगळं. एजंटसाठी रूटमध्ये एजंट्स डॉट एमडी ठेवायची पद्धत आता बऱ्यापैकी रुळलीय, बरीच टूल्स ती वाचतात. क्लॉड कोड (अँथ्रोपिकचा एजंट) क्लॉड डॉट एमडी वाचतं, पण म्हणून दोन वेगळ्या फाइल्स लिहू नका प्लीज, महिन्याभरात दोन्हीत वेगवेगळं लिहिलेलं सापडेल. क्लॉड डॉट एमडीमध्ये ॲट चिन्ह लावून एजंट्स डॉट एमडीचं नाव टाकलं की तीच फाइल आत ओढली जाते.

आणि फाइल फुगवू नका. ती दर सेशनला कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एजंट दरवेळी वाचतो त्या मजकुरात, जाते, म्हणजे "कोड स्वच्छ लिहा" असल्या ओळींचं पण भाडं तुम्ही दरवेळी भरता. फ्रंटएंडचे नियम फ्रंटएंडच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलमध्ये ठेवले तर उत्तम.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त छळते ती. काम झालं हे ओळखायचं कसं, हे कुणी लिहीतच नाही. एजंटला आउटपुट कमी करायची सवय असते, तो पायटेस्टच्या (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) पुढे पाइप लावून टेल जोडतो, शेवटच्या वीस ओळी वाचतो. पण बॅशमध्ये पाइपलाइनचा एक्झिट कोड (0 म्हणजे सगळं ठीक) शेवटच्या कमांडचा असतो, म्हणजे टेस्ट पडल्या तरी टेल बिचारं 0 देतं आणि तो कोड बघणाऱ्याला वाटतं सगळं हिरवं आहे. त्यावर पाइपफेल सेट करायचं, म्हणजे मधली कमांड पडली तरी कोड पडल्याचाच येतो, नाहीतर आउटपुट फाइलमध्ये टाकून मग वाचायचं. उलटा प्रकार पण आहे, एकही टेस्ट सापडली नाही तर पायटेस्ट 5 कोड देतं, आणि एजंट नसलेला बग शोधत बसतो, खरं तर फोल्डर चुकलेला असतो. या दोन ओळी आमच्या फाइलमध्ये गेल्या तेव्हापासून "सगळ्या टेस्ट पास" या वाक्यावर मी जरा विश्वास ठेवायला लागलोय.

शेवटची चूक महागात पडली. डेटाबेस रिकामा करून परत भरणारी आमची एक स्क्रिप्ट आहे, आणि फाइलमध्ये मी स्पष्ट लिहिलं होतं की ही विचारल्याशिवाय चालवू नको. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलण्याचं काम) अडकलं, एजंटने ती चालवली, आणि त्या दिवशी एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलमधला डेटाबेसचा पत्ता स्टेजिंगचा, म्हणजे सगळ्यांच्या टेस्टिंगच्या सर्व्हरचा, होता. टेस्टिंगवाल्या ताईंनी आठवडाभर बसून भरलेला डेटा गेला, त्यांना फोन करताना काय बोलावं ते सुचत नव्हतं. लिहिलेली सूचना म्हणजे कुलूप नाही, हे तेव्हा कळलं. आता स्क्रिप्ट आधी होस्ट तपासते, लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, नसेल तर 1 कोड देऊन थांबते आणि सांगते, "हा डेटाबेस लोकल नाही. मायग्रेशन अडकलं असेल तर स्टेटसची कमांड चालव आणि माणसाला विचार." स्टेजिंगचा पासवर्ड पण एजंटच्या मशीनवरून काढला. एरर मेसेज हे सुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे, उलट नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच समोर येतं. म्हणून नुसतं "नको" लिहू नका, त्याऐवजी काय करायचं ते त्याच ओळीत द्या.

फाइल जमली का हे बघायला मी रेपो नवीन फोल्डरमध्ये क्लोन करतो, कोरं सेशन उघडतो, एक छोटा बग देतो आणि गप्प बसून बघतो. जिथे तो कमांड अंदाजाने मारतो किंवा एकच गोष्ट दोनदा करून बघतो तिथे आमची एक ओळ राहिलेली असते. परवा असंच कळलं की आम्ही एनपीएम सोडून पीएनपीएमवर (तेही पॅकेज इन्स्टॉल करायचंच टूल) गेलो त्याला चार महिने झाले आणि फाइलमध्ये अजून एनपीएम इन्स्टॉलच लिहिलेलं होतं.